सोनेरी कागदाचा फ्यूज

सकाळी कान्होबावर टांगलेला फराळाचा फुलोरा उतरवताना जयाच्या हातात तिच्याच लग्नातला शालू आला. मूर्तीच्या पाठीमागे पडदा म्हणून तिनंच तो बांधला होता. खालच्या काठाला तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडा काळ्या, कडक झाल्या होत्या. तिनं त्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग जळकी बाजू आत जाईल अशी घडी घालून शालू पेटीत ठेवून दिला.

नाचणगावच्या भोयरांकडे दर गोकुळाष्टमीला मातीचा कान्होबा बसतो आणि भावकी भजनाला येते. यंदा पेटी वाजवणारे हिरालालजी मुलाकडे नागपूरला गेले होते. तेव्हा जयाच्या सासूनं, आनंदाबाईंनी, परस्पर ठरवून टाकलं की नात काजल गिटार वाजवील, आणि गावभर तसं सांगूनही टाकलं. काजलच्या गिटारला लागणारा ॲम्प्लिफायर तिच्या सचिनकाकाचा, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. काल दोन भजनं छान झाली. तिसऱ्याला ॲम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज निघायला लागला, मग करपल्याचा वास आला, मागच्या जाळीतून धूर आला आणि शालूचा काठ धुमसायला लागला. जयाच्या नवऱ्यानं, रूपरावांनी, धावत जाऊन प्लग ओढला. जयानं कळशी ओतली. भजन तिथंच थांबलं.

आता ॲम्प्लिफायरचा तो काळा डबा ओसरीवर पडला होता आणि रूपराव त्याच्यासमोर उभे होते.

"हे आज कान्होबासंगं नदीवर जाईन," ते म्हणाले. "दोघायले पान्यात शिरवनं एकाच खेपीत."

"नदीनं काय गुन्हा केला बाप्पा?" खाटेवरून त्यांचे वडील नत्थूजी म्हणाले.

 रूपरावांनी धाकट्या भावाकडे वळून विचारलं, "सचिन, या मशीनले शेवटचा हात कोनाचा लागला?"

सचिन कालच वर्ध्याजवळच्या सावंगीहून आला होता. तिथल्या दवाखान्यात तो रेकॉर्डच्या खोलीत कामाला होता. "माहाच," तो म्हणाला. "आषाढात आलतो तवा खोललं होतं. आवाजाचं बटन खरखर करे, ते साफ केलं."

"मंग हेच त्याचं फळ."

"दादा, बटन साफ केल्यानं आग लागत नाई."

"मले तुह्याएवढं समजत नाई बाबू. मले एवढं दिसते का घरात तीस मानसं बसले होते अन् देवाच्या मागं जाळ झाला. तुह्या हातच्या वस्तूचा इथं हा हाल, तं तुह्या घरी पोरगी कोन्या भरवशावर ठेवू?"

दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या काजलनं आईकडे पाहिलं. जयाला त्या पाहण्याचा अर्थ कळला. काजल वर्ध्याला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि रोज पुलगावहून गाडीनं जायची. गिटारचा क्लास संध्याकाळी सहाला. घरी यायची गाडी त्याच्या आधीची. म्हणून येत्या सोमवारपासून तिनं सावंगीला काकाकडे राहायचं ठरलं होतं. हो म्हणायला रूपरावांनी दीड महिना घेतला होता.

"अवो," जया हळूच म्हणाली, "आज सनाचा दिवस हाये. उद्या बोला."

"उद्या काऊन? आजच सांगतो. काजल सावंगीले जानार नाई. इथूनच येनं-जानं करन. अन् हा डबा घरात राह्यनार नाई."

"रूपराव," नत्थूजी खाटेवरून उतरत म्हणाले, "आजार न पाहता मयत काऊन काढता? माही पेटी आना. काजल, तू इकडं बस. माह्या उजव्या अंगाले."

*

वडिलांची अवजारांची पेटी सचिननं कित्येक वर्षांनी उघडलेली पाहिली. नत्थूजींनी अठ्ठावीस वर्षं शेती सांभाळून, छोटं दुकान टाकून, लग्नाकार्याला माइकसेट लावले होते. पुलगाव-देवळीच्या टापूत त्यांचे भोंगे ज्या लग्नात वाजले नाहीत, ते लग्न लोकांना आठवतही नसे.  

त्यांनी आधी ॲम्प्लिफायरचा प्लग उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"हा काऊन ठेवला माहीत हाये?" त्यांनी काजलला विचारलं.

"कोनी लावू नाई म्हनून."

"शाबास. डबा उघडा असला का प्लग आपल्या नजरेसमोर. दुसऱ्यावर सोडाचा नाई. भावावरबी नाई."

"आबाजी, शाळा मंग घ्या," रूपराव म्हणाले. "नदीवर जाचं हाये."

"शाळा अशीच घेतात रे. मोडल्यावर." नत्थूजींनी डब्याची मागची बाजू आपल्याकडे वळवली. वायर जिथं आत शिरत होती, त्याच्या शेजारी बाटलीच्या बुचासारखं एक छोटं झाकण होतं. "पयले हे पाहाचं. सगळ्यात स्वस्त चीज, अन् सगळ्यात शहानी."

त्यांनी झाकण फिरवलं. आतून बोटाच्या पेराएवढी काचेची नळी बाहेर यायला हवी होती. आलं ते सोनेरी होतं. नळीला चॉकलेटचा चकचकीत कागद घट्ट गुंडाळला होता, तीन वेढे, आणि शेवटचं टोक पुडीसारखं आत दुमडलेलं.

नत्थूजी ते टोक बराच वेळ पाहत राहिले. सचिनला वाटलं, त्यांना चष्मा हवा आहे.

"काय हाये ते?" रूपरावांनी विचारलं.

"हा फ्यूज. या नळीत केसाएवढी तार राह्यते. तिचं काम एकच. जास्त वीज आली का सगळ्यांच्या आधी आपून तुटाचं, म्हनजे मागचं वाचते." नत्थूजींनी कागद सोडून नळी उजेडात धरली. आतली तार तुटलेली होती. "हिनं आपलं काम केलं होतं. हा कागद गुंडाळून कोनं तरी वीज वरच्यावर पुढं जाऊ देली. मंग आतलं जळालं."

"म्हनजे मुद्दाम?"

"मुद्दाम जाळाले नाई. चालू कराले."

रूपरावांनी कागद हातात घेतला. नखानं तो सपाट केला. त्यावर निळ्या अक्षरांचा एक तुकडा शिल्लक होता.

"सचिन," ते अगदी हळू म्हणाले, "हे चॉकलेट या घरात कोन आनते?"

सगळ्यांनी सचिनकडे पाहिलं. दवाखान्याच्या फाटकासमोरच्या दुकानातून तो ही चॉकलेटं आणायचा. मूठभर काजलला द्यायचा, सगळ्यांसमोर. आणि दोन आईला, मागच्या अंगणात, रुमालात गुंडाळून. "जयाले सांगू नको," आई दर वेळी म्हणायची. तिला सहा वर्षांपासून साखर होती. साखरेच्या रोग्यांच्या फायली दिवसभर हातातून जाणारा माणूस स्वतःच्या आईला चॉकलेट देतो, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चॉकलेट खाणारी माणसं घरात दोनच. काजलला फ्यूज कुठं असतो हेच आता कळलं होतं.

त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत लाह्या पाखडल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला.

"मीच लावला," सचिन म्हणाला.

"कवा?"

"आषाढात."

"काका," काजल म्हणाली, "पन तवापासून तं महिनाभर..."

"तू चूप राह्य काजल."

"झालं मंग," रूपरावांनी कागद कठड्यावर ठेवला. त्यांच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती, असं सचिनला वाटलं. "आता कोनी मले काई सांगू नोका."

*

गोपाळकाल्याच्या लाह्यांवर दही ओतताना आनंदाबाईंचा हात जड झाला होता. ज्वारीच्या लाह्या मऊ पडून खाली बसत होत्या. जया आत आली आणि काकडी चिरायला बसली.

"काय झालं व बाहेर?" आनंदाबाईंनी विचारलं.

"सचिनभाऊंनी कबूल केलं. फ्यूजवर कागद त्यायनंच लावला म्हने."

"सचिननं?"

"हो. सोनेरी कागद." जयाची सुरी थांबली नाही. "आई, मागच्या महिन्यात तुमची गादी उन्हात टाकली, तवा उशीखाली मले तसले तीन कागद सापडले होते. मी चुलीत टाकले. बोलली नाई."

आनंदाबाईंनी दह्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुले तवाच बोलाचं होतं."

"काय बोलू? दिवसभर तुमच्या मागं गोळ्या घेऊन मलेच फिरा लागते. एक चॉकलेट खाल्लं म्हनून काय ओसरीवर पंचायत बसवू?" तिनं काकडी परातीत लोटली. "आताबी मी काई सांगत नाई. तुमचं तुमी पाहा. पोरीचं मातर बाहेर आज ठरून राह्यलं."

एवढं बोलून ती कोथिंबीर निवडायला लागली.  सून एवढं ओळखून आहे आणि एवढं पोटात ठेवते, हे आनंदाबाईंना आज पहिल्यांदा कळत होतं.

गेल्या शुक्रवारी दुपारी काजल कॉलेजातून आली, तेव्हा दिवे जाऊन-येऊन करत होते. तिनं ॲम्प्लिफायर लावला आणि तो मेला. पोरगी रडली नाही. गिटारवर कपाळ टेकवून बसली, आणि मग तशीच चटईवर झोपली. कान्होबाला चार दिवस उरले होते. आनंदाबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्यांनी वायरच्या शेजारचं झाकण पाहिलं आणि त्यांना ते ओळखीचं वाटलं.

आता त्या उठल्या. दह्याचे हात न धुता ओसरीवर आल्या.

"रूपराव, तो कागद म्या लावला."

रूपराव आधी हसले. "माय, तू कायले मंधात येऊन राह्यली? तुले स्क्रू धरता येते का?"

"तुह्या बापाच्या माइकसेटवर मी अकरा वर्षं बॅटरी धरून उभी राह्यली. तवा तू माह्या कडेवर होता, अन् बॅटरीचा उजेड तुह्या डोळ्यात जाये म्हनून बोंबले." त्या खांबाला धरून खाली बसल्या. "पोरगी झोपली होती. मी झाकन फिरवलं, नळी काढली, तिले कागद गुंडाळला, परत लावली. बत्ती लागली. मले बाई लय खुशी झाली. पोरगी उठली तं म्हनली, आजी, आपोआप सुरू झालं! मी म्हनलं, कान्होबानं केलं."

"आजी!" काजल म्हणाली.

"मंग काय सांगू? चॉकलेटचा कागद कुठून आनला, हे कोनी विचारलं असतं तं?"

"म्हनजे तू चॉकलेट..." रूपरावांचा आवाज चढला. "माय! तुले साखर हाये ना!"

"त्याचं मंग बोलजो. एका वेळी एक भांडन."

सचिन मान खाली घालून हसू दाबत होता. आनंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "अन् तू रे शहान्या? तुले कोनं सांगतलं माहं पाप तुह्या डोक्यावर घ्याले? त्या पापापायी पोरीचं जानं बंद झालं असतं, हे दिसलं नाई तुले?"

सचिनचं हसू गेलं. त्याला खरंच ते दिसलं नव्हतं.

 आता नत्थूजींनी कठड्यावरचा कागद उचलला आणि त्याचं दुमडलेलं टोक बोटानं उघडलं, पुन्हा मिटलं.

"ही दुमड माही हाये," ते म्हणाले. "मी मघाच ओळखली. तोंडातून निघालं नाई."

"तुमची म्हनजे?" रूपराव म्हणाले.

"तिनं माह्यापासून उचलली. देवळीले एक लगन होतं. मंगलाष्टकं सुरू व्हाची अन् फ्यूज गेला. दुसरा जवळ नाई. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढला, तीन वेढे, टोक आत. हिनं बॅटरी धरली. म्हनलं, एवढं लगन निघून जाऊ दे."

"लगन निघे," आनंदाबाई म्हणाल्या. "दर वेळी निघे. मले वाटलं, असंच करतात."

"अन् दुसऱ्या दिवशी काय करो मी?"

"दुसऱ्या दिवशी काय?"

 सूर्य चढला होता. नदीवर जायला जमलेली दोन-चार माणसं फाटकाशी उभी होती आणि आत यावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी सेट खोलो," नत्थूजी म्हणाले. "तो कागद काढून फेकून देओ. फ्यूज काऊन गेला, ते पाहो. कारन सापडल्यावर नवा फ्यूज टाको. ते तुले मी कधी दाखोलंच नाई. लग्नात तू संगं राहे, दुकानात मी एकटा. अर्धी गोष्ट तू पाह्यली, अर्धी माह्यापाशी राह्यली." त्यांनी कागद खिशात ठेवला. "रूपराव, कोनाले बोलाचं असन तं मले बोल."

 ती संधी सचिननं साधली.

"दादा, एक विचारू? विहिरीवरच्या मोटरच्या फ्यूजमंदी काय हाये?"

"तार हाये."

"कोनती तार?"

रूपराव आभाळाकडे पाहायला लागले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "सायकलच्या ब्रेकची!" जया म्हणाली. "तीन वेळा मोटर जळाली. तरी तेच!"

फाटकाशी उभी असलेली माणसंही हसली. काजल हसली. आनंदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि पदराला दही लागलं. रूपराव हसले नाहीत. त्यांनी टोपी नीट केली, कान्होबाचा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्यावर घेतला.

"उशीर होऊन राह्यला," एवढंच ते म्हणाले.

सावंगीचं त्यांनी काही म्हटलं नाही. हो नाही, की नाही नाही.

*

डब्यातला जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन पुलगावला प्रेमदासकडे जायचं काम रूपरावांनी स्वतःच अंगावर घेतलं. प्रेमदासचं दुकान म्हणजे शेतीपंपाच्या मोटरी पुन्हा गुंडाळायचं दुकान. तांब्याच्या तारेची वेटोळी भिंतीवर टांगलेली आणि वार्निशचा वास रस्त्यापर्यंत.

"या रूपरावभाऊ! मोटर जळाली?"

"मोटर नाई."

"मंग वाट चुकले का? तुमच्या मोटरवर माही मागची खोली बांधून झाली. आता संडासाचं काम काढाचं म्हनतो."

रूपरावांनी पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढला. प्रेमदासनं तो हातात फिरवला, नाकाशी नेला.

"लहान हाये. होऊन जाईन. पन कारन सापडलं का? कारन तसंच असलं तं हाबी जळन, अन् मंग मी बदनाम."

"आबाजीनं सापडोलं. आत वीज साठवाची गोल टाकी राह्यते म्हने, ती म्हातारी होऊन फुगली होती. घूं करे ते त्याचंच. सचिन नवी पाठवून राह्यला वर्ध्यावरून."

"नत्थूजीनं पाह्यलं तं पाह्यलं." प्रेमदासनं पत्र्याच्या पट्ट्या ठोकून सैल केल्या आणि काळी पडलेली तार उलगडायला लागला. "किती वेढे होते ते मोजा लागते. तेवढेच परत घालाचे. मी मोजतो, शंभर झाले का तुमी पाटीवर एक रेघ ओढा. चुकाचं नाई."

रूपराव खडू घेऊन बसले. प्रेमदास ओठांतल्या ओठांत मोजत होता. एक रेघ. दुसरी रेघ. तार निघत होती आणि संपत नव्हती.

रूपरावांना ॲम्प्लिफायरचा राग आला नव्हता, हे त्यांना काल नदीवरच कळून चुकलं होतं. धूर निघाला तेव्हा घाबरले होते, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा जे मनात आलं, ते हे, की बरं झालं, आता पोरगी जात नाही. रोज संध्याकाळी ते गोठ्यात असतात. स्टेशनवरून येणाऱ्या तिच्या सायकलची साखळी कव्हरला घासते, त्याचा खर्रखर्र आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो. जयानं तीन वेळा सांगितलं, ते कव्हर ठोकून द्या. त्यांनी दिलं नाही. तो आवाज आला की ते दूध काढायला बसतात. सोमवारपासून कोणत्या आवाजावर बसायचं?

"भाऊ, रेघ!"

"हो, हो." त्यांनी रेघ ओढली.

"पोरगी कशी हाये? परवा वाजवत होती म्हने."

"दोन भजनं वाजवली."

"कशी?"

रूपरावांनी विचार केला. तिसऱ्या भजनाचं सगळ्यांना आठवत होतं. पहिल्या दोनांबद्दल आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. "चांगली," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "लय चांगली वाजवली बाप्पा."

निघताना त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून काचेचे फ्यूज घेतले. दुकानदारानं एक पुढं केला. रूपराव म्हणाले, दहा द्या. मग वडिलांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा काढून दुकानदाराच्या आकड्याशी दोनदा ताडून पाहिला. आणि विहिरीवरच्या मोटरसाठी खरी फ्यूजची तार मागितली.

*

रविवारी दुपारी सगळे पुन्हा ओसरीवर जमले. सचिनही आला होता. काजल मांडीवर गिटार घेऊन बसली होती. उद्या सोमवार होता, आणि बाबांनी अजून काही म्हटलं नव्हतं. तिनं बॅग भरली नव्हती. कपडे मात्र धुऊन वाळवून घडी करून ठेवले होते.

आबाजींनी नवी टाकी आणि प्रेमदासचा ट्रान्सफॉर्मर दोन दिवस खपून बसवला होता. सोल्डरिंग काजलनं केलं, त्यांनी फक्त बोट दाखवलं. आता त्यांनी लाकडी फळीवर बसवलेला शंभर वॅटचा एक पिवळा बल्ब समोर ठेवला.

"वीज आधी या बल्बातून जाईन, मंग डब्यात," ते म्हणाले. "आत गडबड असन तं बल्ब पूर्ण पेटन. आतलं चांगलं असन तं एकदा चमकन अन् मंद होईन. बल्ब पेटला तरी डबा वाचते. दुरुस्ती केली म्हनून लगेच छाती काढून प्लग लावाचा नाई."

"लावू?" सचिननं विचारलं.

"थांब. फ्यूज लावाचा राह्यला." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "काजलची आजी, इकडं या."

"मी? नोको बाप्पा. माह्या हाताले यश नाई."

"या तं. तुमी लगन पाह्यले. आज दुसरा दिवस पाहा."

आनंदाबाई पुढे आल्या. रूपरावांनी खिशातून डबी काढली आणि त्यातला एक फ्यूज आईच्या तळहातावर ठेवला. आनंदाबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. "तार दिसते व माय," त्या म्हणाल्या, "केसावानी." मग नळी आत सरकवली आणि झाकण फिरवलं. आबाजींनी मदत केली नाही. झाकण दोनदा तिरकं बसलं, तिसऱ्यांदा सरळ बसलं.

"लावा प्लग," आबाजी म्हणाले.

बल्ब लखकन पेटला.  ओसरीवरचे सगळे चेहरे पिवळे झाले, आणि मग, एक-दोन करता करता, उजेड खाली बसत गेला. बल्बात नुसती तांबडी वात उरली. डब्यावरची छोटी लाल बत्ती लागली होती. घूं नव्हतं. काहीच आवाज नव्हता.

"बंद हाये का?" आजीनं घाबरून विचारलं.

काजलनं तारेला नख लावलं आणि सूर ओसरीभर पसरला.

जया दारात उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आता भिंतीपासून हातभर दूर ठेवजो. अन् त्याच्या मागं कोनाचाच शालू बांधाचा नाई. दिवे गेले का प्लग काढाचा. लिहून घे."

"आई, आबाजीनं मले हे पाच वेळा सांगतलं."

"सहाव्यांदा आयक."

काजलनं अष्टमीला अर्धवट राहिलेलं तिसरं भजन वाजवायला घेतलं. आजी टाळ्या वाजवत होत्या, सचिनकाका गुणगुणत होता. कडवं संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाबा ओसरीवर नाहीत.

ते अंगणात मोटरसायकलपाशी होते. मागच्या सीटवर पोतं अंथरून त्यावर दोरी ठेवून पाहत होते.

"हा डबा उद्या गाडीवर मी आनतो," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "बसमंदी आपटते. तू काकासंगं आजच जाजो." त्यांनी खिशातली डबी तिच्या हातात दिली. आत नऊ फ्यूज कापसात ठेवलेले होते. "हे तिकडं ठेव. फ्यूज गेला तं काय करशीन?"

"आधी कारन पाहीन."

"मंग?"

"मंग बदलीन."

"कागद?"

"नाई बाबा."

"अन् मंग मले फोन करजो."

ते पुन्हा दोरीकडे वळले आणि बसलेली गाठ सोडून परत बांधायला लागले. काजलनं डबी बंद केली.

"फ्यूज गेला तवाच करू का फोन?"

रूपरावांनी गाठ ओढून पाहिली. पक्की होती. तरी ते गाठीवरून हात काढेनात.

"चांगला राह्यला तरी करजो," ते म्हणाले. "संध्याकाळी. दूध काढाच्या टायमाले."